बारावीनंतरच्या शिक्षणाचा खर्च करदात्यांनी उचलावा का?

उचलावा, पण सरसकट नाही. आणि करदाता म्हणजे फक्त आयकर भरणारा नव्हे. साबणाच्या वडीवर जीएसटी देणारी शेतमजूर बाईही करदातीच. तिच्याच मुलीला फीपायी घरी बसावं लागलं तर तिच्या पैशावर शिकतंय कोण?

महाराष्ट्राने २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास), ओबीसी मुलींना कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. आधी निम्मीच माफ होती. निर्णय उत्तम. पण माझ्या भाचीला कॉलेजच्या खिडकीवर ऐकवलं, "आधी सगळी फी भरा, शासनाकडून आली की परत देऊ." ताईने पाटल्या गहाण टाकल्या. वर खोलीभाडं, मेस वेगळंच. दारात दोन गाड्या असणाऱ्यांनी फी खुशाल भरावी, तो पैसा इथे लावा.