गोळ्यांशिवाय, नुसत्या ॲपने नैराश्य कमी होतं का? नागपुरात कुठे दाखवावं?

गोळीशिवायही फरक पडतो, आणि याचा भक्कम पुरावा आपल्याच देशातला आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या 495 रुग्णांवरची चाचणी 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. रुग्ण बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी 6 ते 8 भेटी घेतल्या. 3 महिन्यांनी त्या गटातले 64 टक्के सावरले. नेहमीच्या उपचारांवरचे 39 टक्के.

त्या समुपदेशकांच्या पद्धतीचा गाभा म्हणजे मन लागायची वाट न बघता आधी कृती. ‘उद्या सकाळी 7 वाजता फुटाळा तलावावर एक चक्कर’ असं वेळेसकट वहीत लिहायचं. आल्यावर कसं वाटलं, तेही लिहायचं.

ॲपमागे विचारपूस करणारा माणूस असेल तर उपयोग जास्त, त्रास मोठा असेल तेव्हा तर नक्कीच. नुसतं ॲप बरेच जण मधेच सोडतात.

चालू गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, प्लीज. दाखवायला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकलचा (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा) मानसोपचार विभागही आहे. मरणाचे विचार येत असतील तर ॲप बाजूला ठेवा आणि आत्ताच 14416 लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे: 24 तास, मराठीतून, मोफत.