चाळीसगावला पिवळ्या डायलचं जुनं सेको ६१३९ क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) मिळतंय, मालक म्हणतो जसंच्या तसं आहे, पण सेकंद काटा बारावर थांबलेला आहे. घ्यावं का?

भाऊ, सेकंद काट्याचं टेन्शन घेऊ नका. ६१३९ ला साधा चालता सेकंद काटा नसतोच, मधला लांब काटा स्टॉपवॉचचा, वरचं बटण दाबलं की सुरू होतो, परत दाबलं की थांबतो आणि खालच्या बटणाने शून्यावर येतो. तो बारावर शांत उभा असेल तर ते चांगलंच. सुरू होताना उडी न मारता गुपचूप निघाला पाहिजे, कारण आत व्हर्टिकल क्लच (स्टॉपवॉचला मशीनशी जोडणारा भाग) आहे, आणि रिसेट केल्यावर बरोब्बर बारावर यायला हवा, एक-दोन सेकंद इकडंतिकडं थांबत असेल तर सर्व्हिसिंगचं काम निघालं समजा. सहाच्या जागी जी छोटी गोल तबकडी आहे ती स्टॉपवॉचच्या तीस मिनिटांची, तिचा काटाही शून्यावर आला का बघा. चावी देऊन बघू नका, हाताने चावी भरायची सोयच यात नाही, हलवून चालू करायचं. क्राउन (बाजूची फिरवायची चावी) अर्धवट दाबला की तारीख, पूर्ण दाबला की वार बदलतो, आणि नुसता फिरवला की आतली रिंग फिरते. ती रिंग बऱ्याच घड्याळांत अडकलेली असते.

आता मुख्य गोष्ट, चकाकीला भुलू नका भो. आपल्याकडे जुनी घड्याळं विकायला काढताना डायल नव्याने रंगवतात आणि केसला (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीला) बफ मारून आरशासारखी करतात, आणि कलेक्टरसाठी तिथेच मजा संपते. केसच्या कडा धारदार आहेत का बघा, गोल झाल्या असतील तर पॉलिश झालंय. डायलवरची अक्षरं भिंगातून बघा, रंगवलेल्या डायलवर ती जाड आणि फुटलेली दिसतात. काट्यांवरचा अंधारात चमकणारा रंग (लोक त्याला रेडियम म्हणतात) आणि डायलच्या ठिपक्यांचा रंग सारखाच जुना झालेला हवा.

मागच्या झाकणावर सहा आकडी नंबर असतो, पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा, म्हणजे पहिला आकडा ३ असेल तर १९७३. सुरुवातीच्या डायलवर 'वॉटर सेव्हन्टी एम प्रूफ' असायचं, नंतर प्रूफच्या जागी 'रेझिस्ट' आलं. तर प्रूफचा डायल आणि १९७६ चं झाकण असेल तर दोन घड्याळं जोडून एक केलंय. मालकाला खोटं ठरवू नका, त्यालाही बऱ्याचदा माहिती नसतं, पण भाव त्याप्रमाणे पाडून मागा.

हे घड्याळ १९६९ मध्ये आलं, ऑटोमॅटिक क्रोनोग्राफची ती पहिली पिढी, आणि पिवळ्या डायलवाल्याला जगभर 'पोग' म्हणतात, विल्यम पोग नावाच्या अंतराळवीराने ते १९७३ च्या स्कायलॅब (अमेरिकेचं अंतराळ स्थानक) मोहिमेत हातात घातलं होतं. म्हणून त्याचीच नक्कल जास्त होते.

झाकण उघडून मशीनचा फोटो मागाच, गंज दिसला तर सरळ सोडा. आणि घ्यायच्या आधी ६१३९ उघडलेला मिस्त्री शोधून ठेवा, जळगाव, धुळे, भुसावळ कुठेही, पण नुसते सेल बदलणाऱ्याकडे देऊ नका. मूळ डायल आणि धारदार केस असेल तर थोडे ओरखडे आणि बंद पडलेलं मशीन असलं तरी मी घेईन, मशीन दुरुस्त होतं, रंगवलेला डायल परत मूळ होत नाही.