डिस्चार्ज एकच, स्पॅनिश शब्द तीन

प्रश्न : मी बी. फार्म. झाले असून स्पॅनिशची डेले बी२ परीक्षा उत्तीर्ण आहे. औषधक्षेत्रातल्या इंग्रजी-स्पॅनिश भाषांतराच्या चाचणीत नापास झाले. शेरा आला, ‘संदर्भानुसार शब्दनिवड चुकली.’ काय सुधारू? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : तू पाठवलेल्या उताऱ्यात ‘डिस्चार्ज’ तीनदा आलाय आणि तिन्ही ठिकाणी तू ‘देस्कार्गा’ लिहिलंस. देस्कार्गा विजेचा. रुग्णाला घरी सोडतात तो ‘आल्ता’, जखमेतून येतो तो ‘सेक्रेसिऑन’. ‘ड्रग’चंही तसंच. औषध म्हणजे ‘मेदिकामेन्तो’ किंवा ‘फार्माको’. नुसतं ‘द्रोगा’ म्हटलं की स्पेनमधल्या वाचकाला नशेचा पदार्थच आठवतो. गंमत म्हणजे कोलंबियात ‘द्रोगेरीया’ हे औषधांचं दुकान, स्पेनमध्ये साबण-फिनेलचं! तेव्हा मजकूर कोणत्या देशासाठी आहे, हे काम हाती घेण्याआधीच विचारून घे.

सगळ्यात महागात पडते ती ‘सीरियस’ आणि ‘सिव्हिअर’मधली गल्लत. औषधसुरक्षेच्या, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या अहवालात सीरियस म्हणजे जिवावर बेतणारं, रुग्णालयात दाखल करावं लागणारं वगैरे, तिथे ‘ग्रावे’. सिव्हिअर म्हणजे फक्त तीव्रता, तिथे ‘इन्तेन्सो’. असह्य डोकेदुखी सिव्हिअर असली तरी सीरियस असेलच असं नाही. हृदयविकाराचा सौम्य झटका मात्र सीरियसच. दोन्हींना ‘ग्रावे’ लिहिलंस, तर नुसत्या तीव्र डोकेदुखीची नोंदही गंभीर घटना म्हणून वाचली जाईल.

शब्द अडला की कोशातला पहिला अर्थ उचलू नकोस. आधी त्या वाक्यातला अर्थ मराठीत एका ओळीत लिही. मग युरोपीय औषध संस्था, म्हणजे ईएमएच्या संकेतस्थळावर त्याच औषधाची इंग्रजी आणि स्पॅनिश माहितीपत्रकं शेजारी उघड. विभागांचे क्रमांक दोन्हींत सारखेच असतात, दुष्परिणाम ४.८ मध्ये. सापडलेला शब्द एक्सेलमध्ये नोंदव : इंग्रजी संज्ञा, अर्थ, स्पॅनिश शब्द, देश, आणि तो जिथे सापडला ते पूर्ण वाक्य. वाक्याचा रकाना कंटाळा करून गाळतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच अडतात.

आता नोकरीचं. स्पॅनिशमध्ये लिहायचं काम भाषांतर एजन्सी शक्यतो ती मातृभाषा असलेल्यांनाच देतात. तुझी बाजू भक्कम आहे ती उलट दिशेला, स्पॅनिशमधून इंग्रजीत. औषधसुरक्षा विभागात स्पॅनिश अहवाल वाचून इंग्रजीत नोंदवणारी माणसं लागतात आणि तिथे बी. फार्म. थेट उपयोगी पडतं. अर्ज आधी तिकडे कर. बी२च्या पुढच्या सी१ पातळीची तयारी नोकरी करतानाही होईल.