वाचकांचे प्रश्न : कॅरॅव्हॅन ओढायला इस्टेट घ्यावी की हॅचबॅक?

प्रश्न : मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. जूनमध्ये आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत. चौघांना फिरता यावं म्हणून त्याने एक वापरलेली कॅरॅव्हॅन (गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) बघून ठेवली आहे; सामानासकट तिचं कमाल वजन १,१५० किलो. ती ओढायला गाडीही घ्यायची आहे. एकाच कंपनीच्या, एकाच इंजिनाच्या दोन गाड्या समोर आहेत. हॅचबॅकचं कर्ब वेट (प्रवासी आणि सामान न भरता गाडीचं वजन) १,३०० किलो आणि कमाल भरलेलं वजन १,७८०. इस्टेटचे हेच आकडे १,३९० आणि १,९००. ओढण्याची मर्यादा दोन्हींना १,४०० किलो दिली आहे. मग इस्टेटसाठी जास्त पैसे का मोजायचे? (कोथरूड)

उत्तर : इस्टेट म्हणजे सेडानचं छप्पर डिकीच्या टोकापर्यंत ओढून नेलेली गाडी. आपल्या पिंपरीत तयार झालेली टाटा इस्टेट किंवा नंतरची इंडिगो मरीना आठवत असेल, तर वेगळं सांगायला नको. आपल्याकडे हा प्रकार फारसा चालला नाही, तिकडे मात्र कॅरॅव्हॅनवाल्यांची ही नेहमीची गाडी.

१,४०० हा आकडा आधी बाजूला ठेवा. एवढं वजन मागे जोडून गाडी १२ टक्के चढावर थांबली, तर पुन्हा निघू शकेल, इतकाच त्याचा अर्थ. मोटरवेवर शेजारून लांबलचक ट्रक गेल्यावर गाडी सरळ राहील का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी तिकडे नवख्यांना एक अंगठेनियम सांगतात : कॅरॅव्हॅनचं कमाल वजन गाडीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. तुमच्या हॅचबॅकचे ८५ टक्के होतात १,१०५ किलो, इस्टेटचे १,१८१. म्हणजे ही कॅरॅव्हॅन इस्टेटच्या हिशेबात बसते, हॅचबॅकच्या बसत नाही. हा कायदा नाही, सल्ला आहे. पण पहिल्यांदाच कॅरॅव्हॅन जोडणाऱ्याने तो मोडू नये.

आता इस्टेटची दुसरी बाजू, जी विक्रेता सांगणार नाही. कॅरॅव्हॅनचं नाक टो-बारच्या, म्हणजे गाडीच्या मागे बसवलेल्या ओढायच्या दांड्याच्या, गोळ्यावर टेकतं आणि त्यावर काही वजन टाकतं. याला नोज वेट म्हणतात. ते कॅरॅव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावं, म्हणजे तुमच्या बाबतीत साधारण ५८ ते ८० किलो. ७५ धरू. दोन्ही गाड्यांच्या चाकांमधलं अंतर २.६५ मीटर आणि मागच्या आसापासून गोळा हॅचबॅकमध्ये ०.८५ मीटर, इस्टेटमध्ये १.१० मीटर मागे असेल, तर तरफेच्या नियमाने हॅचबॅकच्या मागच्या आसावर ९९ किलो चढतात आणि पुढच्यावरून २४ उतरतात. इस्टेटमध्ये मागे १०६ चढतात, पुढून ३१ उतरतात. एवढ्याने बिघडत नाही. बिघडतं ते लांब डिकी शेवटपर्यंत जड सामानाने भरल्यावर. तेव्हा मागचा आस दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि पावसाने ओल्या झालेल्या कॅम्पसाइटच्या गवतावर पुढची चाकं ओढणारी गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसते. शिवाय गोळा आसापासून जितका लांब, तितकी कॅरॅव्हॅनच्या बाजूच्या धक्क्याला गाडीचं बूड हलवायला जास्त तरफ मिळते. म्हणून इस्टेटमध्ये जड वस्तू मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून, खाली ठेवायच्या. डिकीच्या दाराजवळ गाद्या-उशा.

वजनाचा हिशेब कागदावर मांडाच. कर्ब वेटमध्ये ७५ किलोचा चालक बहुधा धरलेला असतो, हे पुस्तिकेत तपासा. उरलेले तिघे मिळून १९५ किलो, नोज वेट ७५, नंतर बसवलेला टो-बार २५ : झाले २९५. नोज वेट गाडीच्या खात्यावर पडतं, हेच बहुतेकजण विसरतात. हॅचबॅकच्या ४८० किलोंतून उरले १८५, इस्टेटच्या ५१० मधून २१५. फरक फक्त तीस किलोंचा. म्हणजे इस्टेट घेतली की हवं ते भरता येतं, हा समज खोटा. जागा वाढते, वजनाची मुभा फारशी वाढत नाही.

गाडी बघायला जाताना मुलाला दाराच्या खांबावरची किंवा बॉनेटखालची पट्टी वाचायला सांगा. तिच्यावर चार वजनं असतात : भरलेल्या गाडीचं कमाल, त्याखाली गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून कमाल, मग १ आकड्यासमोर पुढच्या आसाचं आणि २ समोर मागच्या आसाचं. चौथा आकडा कोणी बघत नाही, आणि नेमका तोच आधी ओलांडला जातो. गोळ्यावर किती भार चालतो, ते टो-बारच्या पट्टीवर आणि गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. कॅरॅव्हॅनच्या हिचची, म्हणजे गोळ्यावर बसणाऱ्या तिच्या जोडाची, मर्यादा वेगळी असते. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा पाळायचा.

नोज वेट मोजायला घरातला बाथरूमचा वजनकाटा पुरतो. कॅरॅव्हॅन प्रवासाला निघावी तशी भरा, सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना उटी लावा. काट्यावर फळी ठेवून तिच्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा. हिच त्याच्यावर टेकल्यावर जमिनीपासून गाडीच्या गोळ्याइतक्याच उंचीवर यायला हवा. भरलेल्या गाडीत ही उंची गोळ्याच्या मध्यापर्यंत ३५० ते ४२० मिलिमीटर असते. पुढचं छोटं चाक हळूहळू वर घ्या म्हणजे सगळा भार ठोकळ्यावर येईल, आणि काटा वाचा. कमी भरलं तर आसाजवळचं सामान थोडं पुढे सरकवा, जास्त भरलं तर मागे. शेवटच्या कपाटात जड भांडी टाकून आकडा जुळवू नका. दोन्ही टोकांना वजन असलं की कॅरॅव्हॅन एकदा हलल्यावर लवकर थांबत नाही. जड ते जमिनीवर, आसाच्या वर. पाण्याचा ४० लिटरचा पिंप रिकामा.

कॅरॅव्हॅन हेलकावे घेऊ लागली तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, करकचून ब्रेक मारायचा नाही. हेलकाव्याच्या उलट स्टिअरिंग फिरवायचा मोह हमखास होतो, त्यानेच प्रकरण हाताबाहेर जातं. आणि घर्षणपट्ट्यांनी गोळा आवळून हेलकावे कमी करणारा स्टॅबिलायझर हिच असेल, तर गोळ्यावर ग्रीस लावू नका. साध्या हिचच्या सवयीने लोक ग्रीस लावतात आणि पट्ट्या निकामी होतात. नव्या गोळ्यावरचा रंगही घासून काढावा लागतो.

कॅरॅव्हॅन वापरलेली आहे म्हणून टायर नीट बघा. बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी दिसली तरी सात वर्षांवरचे टायर बदलायचेच, कारण वर्षातले बरेच महिने एकाच जागी उभं राहून ते चिरतात. ब्रेक असलेल्या कॅरॅव्हॅनची ब्रेकअवे केबल (कॅरॅव्हॅन सुटली तर तिचे ब्रेक लावणारी तार) गोळ्यावर नुसती अडकवू नका, टो-बारवर तिच्यासाठी केलेल्या कडीत लावा. कॅरॅव्हॅन गाडीपेक्षा रुंद असल्याने दोन्ही बाजूंना जादा आरसे लागतील. वेगाची मर्यादा साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ५० मैल, मोटरवेवर ६०. तीन लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवी लेन वर्ज्य. परवान्याची अडचण नाही : १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार-परवान्यावर तिथे ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर चालतो.

तर आमचं मत : ही कॅरॅव्हॅन पक्की असेल तर इस्टेट. एरवी शहरात चालवायला हॅचबॅकच हवी असेल, तर हजार किलोंच्या आतली कॅरॅव्हॅन शोधा आणि वाचलेले पैसे फिरण्यावर घाला.

प्रश्न : माझी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे, वजन ९०० किलो. भोसरीतला एक फॅब्रिकेटर हुक आणि ६०० किलोंचा छोटा ट्रेलर-कॅरॅव्हॅन बनवून देतो म्हणतो. महाबळेश्वरला नेता येईल का? (चिंचवड)

उत्तर : नेऊ नका. आधी गाडीची पुस्तिका उघडा. छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असं बहुधा लिहिलेलंच असतं. लिहिलेलं असेल तर विषय तिथेच संपला, कारण अपघात झाल्यावर विमा कंपनीला दावा नाकारायला तेवढं पुरतं. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे, त्याची आरटीओत नोंदणी लागते. ब्रेक नसलेला ट्रेलर गाडीच्या निम्म्या वजनापर्यंतच, असा इंग्लंडमधला नियम आहे. त्या मापाने तुमची हद्द ४५० किलो. ६०० किलो मागून ढकलत असताना पसरणी घाट उतरायचा म्हणजे सगळा भार गाडीच्या एकट्या ब्रेकवर. ते तापले की पेडल दाबूनही पकड मिळत नाही. चढताना क्लच जळण्याचा वास आधी येईल, ते वेगळंच. बंपरमागच्या पत्र्याला वेल्ड केलेला हुक तर कधीच नको, आणि बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी जी आट्याची कडी मिळते तीही ट्रेलरसाठी नसते. कॅरॅव्हॅनची हौसच असेल तर चालकासकट भाड्याने मिळणारी, स्वतःच्या इंजिनाची घ्या. ठरवण्याआधी तिच्या परवान्यात राहण्याची सोय धरलेली आहे का, तेवढं विचारा.