रासायनिक अभिक्रियेचा प्रकार कसा ओळखायचा?

मुलगी दहावीला आहे, संयोग, अपघटन, विस्थापन यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, पण समीकरण समोर आलं की प्रकार सांगता येत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी तासगावात दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. तिला व्याख्या बाजूला ठेवायला सांगा. बाणाच्या डावीकडे पदार्थ किती, उजवीकडे किती आणि त्यांत एखादं मूलद्रव्य एकटं आहे का, एवढंच आधी बघायचं.

आमच्याकडची बरीच मुलं द्राक्षबागायतदारांची, म्हणून मी बोर्डो मिश्रण घेतो. डावणी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगासाठी फवारतात तेच. एक टक्क्याचं करायचं तर 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट) आणि 1 किलो कळीचा चुना (कॅल्शिअम ऑक्साइड).

चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. एकाचे दोन झाले, हे अपघटन. त्या चुन्यावर पाणी घातलं की तो तडतडतो, फुगतो, वाफा निघतात. चुना आणि पाणी मिळून कॅल्शिअम हायड्रॉक्साइड हा एकच पदार्थ बनला, हा संयोग. हा विरलेला चुना गाळून मोरचुदाच्या द्रावणात मिसळला की कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शिअम सल्फेट तयार होतं. टाकीत याहून थोडे गुंतागुंतीचे क्षार बनतात, पण दहावीला एवढं पुरे. तांबं आणि कॅल्शिअम यांनी आपापले जोडीदार बदलले, म्हणून दुहेरी विस्थापन.

आता खरी गंमत. मिश्रण झालं की बागायतदार त्यात लोखंडी विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, मोरचूद अजून मोकळं आहे. असं मिश्रण फवारलं तर पानं करपतात. मग चुना वाढवायचा, पातं घासून पुन्हा बुडवायचं, थर येईनासा होईपर्यंत. पात्यावर घडतं ते विस्थापन. लोह तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते द्रावणात उतरतं आणि तांबं बाहेर पडून पात्यावर बसतं. डावीकडे लोह एकटं, उजवीकडे तांबं एकटं. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवत नाहीत ते याचसाठी.

मुलं सगळ्यात जास्त अडतात ती उष्मादायी आणि रेडॉक्स या शब्दांपाशी. त्यांना हे पाचवा आणि सहावा प्रकार वाटतात. तसं नाही, ते वेगळे प्रश्न आहेत. उष्णता बाहेर पडली का? इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण झाली का? चुना विरताना संयोगही होतो आणि ती अभिक्रिया उष्मादायीही असते. विळ्यावर विस्थापनही होतं आणि रेडॉक्सही, कारण लोहाने इलेक्ट्रॉन दिले आणि तांब्याने घेतले. टाकीतल्या दुहेरी विस्थापनात मात्र रेडॉक्स नाही, तांब्यावरचा प्रभार होता तेवढाच राहतो. एकाच अभिक्रियेला दोन नावं लागू शकतात, हे पटलं की निम्मा गोंधळ सरतो.

घरी करून दाखवायचं असेल तर काचेच्या ग्लासात मोरचुदाचं द्रावण घ्या आणि घासून लख्ख केलेला खिळा त्यात अर्धा तास ठेवा. मोरचूद विषारी आहे, तो ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नको. कळीच्या चुन्याचा प्रयोग घरी करूच नका, डोळ्यांत उडाला तर इजा होते. खिळ्यावर तांबं बसलं की तिला विचारा, तांब्याची तार फेरस सल्फेटच्या, म्हणजे लोहाच्या क्षाराच्या, द्रावणात बुडवली तर काय होईल? काहीच होणार नाही. का, ते तिला सांगू द्या.