पिग्मीचे दोन लाख आणि चार थ्रॉटल बॉडी

प्रश्न: खानापूरच्या एका वाचकांना पुढच्या महिन्यात पिग्मीचे (रोजच्या छोट्या बचतीचे) २ लाख १० हजार मिळतील. त्यातून २००८ च्या १.३ पेट्रोल हॅचबॅकला चार स्वतंत्र थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपा), दर सिलिंडरला एक, बसवायच्या आहेत. गॅरेजने दीड लाख सांगितलेत. १२ टक्क्यांचं ८० हजारांचं सोनेतारण चालू आहे, घरखर्च महिना २५ हजार. गाडी एकच, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रोज कामावर जायला तीच.

उत्तर: आधी सोनं सोडवा. त्यावर वर्षाला ९,६०० रुपये व्याज जातंय.

दीड लाखांचा अंदाज मला अपुरा वाटतो. त्यात बाइकच्या जुन्या थ्रॉटल बॉडी, त्या इंजिनला जोडणारा ॲल्युमिनियमचा ॲडॅप्टर आणि फिल्टर एवढंच दिसतं. ॲडॅप्टर उद्यमबागेत सीएनसी यंत्रावर होईल, ती अडचण नाही. बाइकच्या थ्रॉटलमधलं अंतर गाडीच्या इंजिनच्या पोर्टशी (हवा आत जाण्याच्या तोंडांशी) जुळत नाही, म्हणून त्या सुट्या करून त्यांना एकत्र उघडणारं लिंकेज नव्याने जोडावं लागतं. चारही सारख्या उघडल्या नाहीत तर आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) वरखाली होतो. खरा खर्च पुढे आहे. प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल आला की मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब फडफडतो आणि त्यावरून इंधन ठरवणाऱ्या मूळ ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) हिशोब चुकतो. मग थ्रॉटलचं उघडणं आणि आरपीएम यांवर इंधन ठरवणारा स्वतंत्र ईसीयू, धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर, वायरिंग, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंग लागतं. यातलं काहीच त्या अंदाजात नाही.

ब्रेकचं विचारलंत का? ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला इंजिनमधून व्हॅक्यूम लागतो. तो एकाच रनरमधून (एका सिलिंडरच्या हवेच्या नळीतून) घेतला तर चोर्ला घाटाच्या उतारावर दोन-तीनदा दाबल्यावर पेडल कडक होतं. चारही रनरमधून नळ्या काढून, एकमार्गी व्हॉल्व्ह असलेल्या छोट्या टाकीत जोडाव्या लागतात. एवढं करूनही कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मूळचंच असेल तर ताकद थोडीच वाढते. पायाला प्रतिसाद मात्र झटकन मिळतो.

शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असा बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही. कलम १८२अ मध्ये दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

कर्ज फिटल्यावर १ लाख ३० हजार उरतात. तीन महिन्यांच्या घरखर्चाचे ७५ हजार मुदत ठेवीत ठेवा. राहिलेल्या ५५ हजारांतून आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्या. सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर पैसा इंजिनच्या दुरुस्तीलाच लावा. व्याजाचे वाचलेले महिना ८०० रुपये आवर्ती ठेवीत टाका. हौस पुरी करायचीच असेल तर फक्त ट्रॅकवर चालवायला दुसरी जुनी गाडी घ्या, आणि तिचा मूळ मॅनिफोल्ड, ईसीयू, वायरिंग जपून ठेवा. विकताना गिऱ्हाईक तेच मागतं.