सासऱ्यांच्या डब्यातली लिबियातली बाणाग्रं: आधी कागद सांभाळा, मग दगड

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. सासरे 1978 च्या सुमारास लिबियातल्या सब्हा शहराकडे रस्त्याच्या कामावर होते, तिथल्या वाळूत वेचलेली दगडी बाणाग्रं आणि पाती पत्र्याच्या डब्यात आहेत, प्रत्येक पुडीत सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा आणि त्यावर पेन्सिलीनं खरडलेलं काहीतरी. ती धुवायची कशी, मखमलीवर चिकटवून फ्रेम करावी का, प्रमाणपत्र कुठे मिळेल आणि अर्धी दिरांना कॅनडाला पाठवावीत का, असं तुम्ही विचारलंय. माझे वडील त्याच वर्षांत त्याच भागात होते. असाच डबा आमच्याकडेही होता.

मी पुरातत्त्वज्ञ नाही, वकीलही नाही. हौशी वाचन आणि घरचा अनुभव, एवढ्यावरच लिहितोय.

धुऊ नका, चिकटवू नका. आणि काहीही झालं तरी ते कागद पुड्यांमधून बाहेर काढून वेगळे ठेवू नका. तुम्ही पोस्टमध्ये त्यांना 'कचरा' म्हटलंय, म्हणून जरा जोर देऊन सांगतो.

साधारण 11,000 ते 5,000 वर्षांपूर्वी सहारा बराच हिरवा होता. तळी होती, मासेमारी होती, पुढे गुरं आली. मग पाऊस हटला आणि वाऱ्यानं वाळू उडवून नेली. वाळूच्या थरांमधली हत्यारं मात्र जड, ती जागच्या जागी खाली बसत गेली आणि वेगवेगळ्या काळातल्या वस्तू एकाच पृष्ठभागावर आल्या. तुमच्या तिसऱ्या फोटोतलं बुडाशी दांडी असलेलं जाड पातं मला अटेरियन वाटतं (उत्तर आफ्रिकेतली एक फार जुनी, अश्मयुगीन हत्यारांची धाटणी; अल्जीरियातल्या बीर अल-अतेर या ठिकाणावरून पडलेलं नाव). फोटोवरून खात्री देता येत नाही, पण तसं असेल तर शेजारच्या नाजूक बाणाग्रांपेक्षा ते हजारो वर्षांनी जुनं आहे. उत्खननातल्या हत्याराला निदान थराचा आधार असतो. उघड्यावर वेचलेल्याला फक्त जागेचा: कुठल्या खोलगट भागात मिळालं, सोबत काय होतं. दगडांचा तर तिथे तुटवडाच नाही. नैऋत्य लिबियातल्या मेसाक पठारावर चौरस मीटरला सरासरी 75 घडीव दगड आहेत, असं 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलंय. ठिकाण न कळणारा आणखी एक दगड अभ्यासाच्या फारसा कामाचा नाही. त्या पेन्सिलीच्या ओळीमुळे तुमचा डबा वेगळा ठरतो.

आता प्रमाणपत्राचं. वडील गेल्यावर सगळं रीतसर व्हावं म्हणून मी डबा एका कार्यालयात नेला. नाव लिहीत नाही. तिथे सांगितलं, वस्तू वेगळ्या आणि कागदपत्रं वेगळी जमा करा. मी विनवलं, लेखी अर्जातही लिहिलं, की ही कागदपत्रं नाहीत, या त्या-त्या दगडाच्या चिठ्ठ्या आहेत. समोरच्या माणसानं माझ्यादेखत पुड्या सोडून सगळे दगड एका ट्रेमध्ये ओतले आणि लहान-मोठे लावून अनुक्रमांक घातले. चिठ्ठ्या फायलीला टाचणीनं टोचल्या. दगड परत आले ते एकाच कापडी पिशवीत, कडांचे टवके उडालेले. फाईल आलीच नाही. 'वरिष्ठांकडे आहे', 'दुसऱ्या शाखेकडे आहे', 'जुन्या इमारतीत राहिली असेल'. अर्ज केले, माहितीचा अधिकार लावला, उत्तर आलं की अभिलेख आढळून येत नाही. प्रमाणपत्रही मिळालं नाही, कारण खरेदीची पावती नव्हती. वाळवंटात वेचलेल्या दगडाची पावती कोण देणार? वडिलांच्या हातचं 'विहिरीपुढचा खळगा, जात्याच्या दगडांशेजारी' हे मला पाठ आहे, पण ते कुठल्या बाणाग्राचं, हे आता कोणीच सांगू शकत नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

त्यामुळे माझं ठाम मत: प्रमाणपत्राच्या मागे आत्ता लागू नका. कुठे न्यायचंच झालं तर आधी प्रत्येक पुडीतले दगड आणि कागद एका चौकटीत ठेवून फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी, उजेड वरून डावीकडून तिरका, म्हणजे छिलके निघालेल्या खुणा उठून दिसतात. मूळ कागद घराबाहेर न्यायचे नाहीत. प्रत्येक दगडाला वेगळी झिपची पिशवी, कारण दगड एकमेकांवर आपटले की कडेला नवे टवके पडतात आणि वापराच्या मूळ खुणा बिघडतात. क्रमांक थेट दगडावर नको. पॅरालॉइड बी-72चा (संग्रहालयात वापरतात तो पारदर्शक ॲक्रिलिक लेप) छोटासा थर देऊन त्यावर शाईनं लिहा, तो ॲसिटोननं निघतो. नेलपॉलिश लावा असं कोणी सांगेल, ते पिवळं पडतं आणि सुटतं.

आणि ताई, तुमचे सासरे आहेत! हे सगळं बाजूला ठेवून याच आठवड्यात त्यांच्याशेजारी बसा. फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडा, सब्हापासून उबारीकडे जाणारा रस्ता दाखवा, कॅम्प कुठे होता विचारा. जात्यासारखे खोलगट दगड दिसले होते का, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे, काळी पडलेली चूल? 'कुठे सापडलं' असं थेट विचारलं की म्हातारी माणसं 'वाळवंटात' म्हणून मोकळी होतात. 'त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं' असं विचारा, मग सगळं निघतं. आवाज रेकॉर्ड करा.

खरं-खोटं याची चिंता तुम्हाला नको, स्वतः वेचलेलं आहे. मोरोक्कोत पर्यटकांना विकतात त्यात नवीन घडवलेलं बरंच असतं: सगळीकडे एकसारखा ताजा रंग, वाऱ्यानं आलेली झिलई नाही. त्या नादानं संग्रह 'वाढवायला' जाऊ नका. विकत घेतलं की तिथे कोणीतरी नवीन जागा उकरतो.

हेही सांगायला हवं की पुरावस्तूंच्या चोरट्या वाहतुकीविरुद्धचा युनेस्कोचा 1970 चा करार लिबियानं 1973 मध्ये स्वीकारला होता. त्या काळी रस्त्यावरच्या कामगारांना हे कोणी सांगितलं नसेल, सासऱ्यांना दोष देत नाही. पण विकायचा विचार असेल तर सोडा. माझ्या मते अशी वस्तू शेवटी नोंदींसकट एखाद्या विद्यापीठाच्या संग्रहात किंवा परत तिच्या देशात जावी. आपल्याकडे अश्मास्त्रं ओळखणारी माणसं पुण्यात डेक्कन कॉलेजात भेटतील. आधी फोटो पाठवून विचारा, डबा घेऊन जाऊ नका.

कॅनडाचं: आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून आलेल्या दगडांना तो कसा लागतो हे वकिलालाच विचारा, तोवर कुरिअर नको. दिरांना फोटो आणि चिठ्ठ्यांचे स्कॅन पाठवा. इथे फोटो टाकलेत तर हत्यारं ओळखायला मी मदत करीन, फक्त चिठ्ठीवरचं नेमकं ठिकाण झाकून टाका. शोधत फिरणारे व्यापारीही हे वाचतात.